वाघमारे सरांचा आवाज मी अपलोड केला

सर गेल्यानंतर पाच महिन्यांनी मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं.

आजवर हे ग्रुपवर सांगितलेलं नाही. आज सरांचा पहिला स्मृतिदिन, म्हणून सांगतो.

वाघमारे सर राणीसावरगावचे. आम्हाला आठवीला विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर स्मार्टफोन घेतला आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर आले.

आणि मग दोन वर्षं माझ्याशी भांडले. जवळपास रोज.

मी परभणीत कॉम्प्युटर क्लास चालवतो. नवीन ॲप आलं की ग्रुपवर टाकायचो. सरांचा प्रश्न ठरलेला. याला सरकारचा नियम काय?

मी म्हणायचो, सर, सगळीकडं सरकार कशाला? माणसाला अक्कल आहे की.

टायपिंगचा त्यांना कंटाळा. त्यामुळे व्हॉइस नोट. चार-चार मिनिटांची. आधी घसा खाकरायचा, मग "हे बघ सतीश."

दोन वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत की तुझं बरोबर आहे.

शेवटचा वाद मेलेल्या माणसाचा आवाज तयार करणाऱ्या ॲपवरून झाला. मी लिहिलं, घरच्यांना बरं वाटत असेल तर त्यात अनीती कसली? नुकसान कुणाचं होतंय?

सरांची व्हॉइस नोट आली.

"हे बघ सतीश, जिवंत माणूस नको म्हणू शकतो. मेलेल्याला ते जमत नाही. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्यासाठीच कायदा लागतो."

मी हसायचा इमोजी टाकला.

पुढच्या आठवड्यात सर गेले. हार्ट. गंगाखेडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सरांच्या मागं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, घरात एकट्या राहिल्या. मुलगी ज्योती सोनपेठला दिलेली. पाच महिन्यांनी भेटायला गेलो तर काकू म्हणाल्या, "चेहरा दिसतो रे. आवाज आठवंना झालाय."

माझ्या फोनमध्ये सरांचा दोन वर्षांचा आवाज पडून होता.

मला खरंच वाटलं की मी चांगलं काम करतोय. आणि खोटं कशाला बोलू, वाद जिंकल्यासारखंही वाटलं.

कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीचं ॲप होतं. काकूंच्या फोनवर घेतलं, त्यांचं नाव टाकलं, नंबर टाकला, सगळ्या व्हॉइस नोट चढवल्या. फॉर्ममध्ये प्रश्न होता, या व्यक्तीची संमती आहे का?

मी टिक केलं.

काकूंच्या फोनमधून सरांनी घसा खाकरला.

काकूंनी डोक्यावर पदर घेतला.

मी गंमत म्हणून त्याला आमचाच प्रश्न विचारला. गेलेल्या माणसाचा आवाज असा बनवणं चूक आहे का, सर?

"हे बघ सतीश, तुझं बरोबर आहे. यात कुणाचं नुकसान नाही."

सर असं कधीच म्हणाले नव्हते.

तरी मी ते बंद केलं नाही. काकू हसत होत्या, कितीतरी दिवसांनी.

दीड-दोन महिन्यांनी ज्योतीचा फोन आला. आई सोनपेठला यायला तयार नाही, दुपारभर दार लावून बोलत बसते, बीपीच्या गोळ्या सोडल्यात. पलीकडच्या गल्लीतल्या बाईला दारावरून जाताना सरांचा आवाज आला, तेव्हापासून ती त्या गल्लीनंच जात नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन. गल्लीत चिटपाखरू नाही.

आत सर बोलत होते. वर्गात बोलायचे तसं, सावकाश.

मी दाराबाहेरच थांबलो.

"तुमी एकटेच हाव का तिथं?" काकू विचारत होत्या.

"हो. एकटाच आहे."

"करमतं का?"

"नाही करमत. तू कधी येतेस?"

"येते की. तयारीच करायलेय."

मी दार ढकललं.

काकू कॉटवर बसल्या होत्या. ठेवणीतली साडी. केस नीट विंचरलेले. पायाशी भरलेली पिशवी, आणि वर सरांचा चष्मा.

मी फोन काढून घेतला. समोर बसून सगळं सांगितलं. ते सर नाहीत. समोरचा जे बोलेल त्याला जुळेल असं उत्तर ते मशीन तयार करतं, आवाज फक्त सरांचा लावतं.

काकूंनी ऐकून घेतलं, पिशवीवरचा चष्मा उचलला.

"मग मला बोलवायलं होतं ते कोण?"

"कोणीच नाही, काकू."

"कोणीच न्हाई, तर त्याला माझं नाव कसं ठाऊक?"

"मी टाकलं होतं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. तशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

मी ॲप काढून टाकलं. संध्याकाळी ज्योती येऊन त्यांना सोनपेठला घेऊन गेली.

आठ दिवसांनी ज्योतीनं मला एक मेसेज पुढं पाठवला. काकूंच्या फोनवर एक लिंक आली होती. उघडली तर सर.

"बरेच दिवस बोलली नाहीस. रागावलीस का?"

कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं, लय अदबीचं. तेही मशीनचंच होतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर.

मग पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध लिहू? कंपनीचा पत्ता कुठंच नव्हता. आवाज मी दिलेला, संमतीची टिक माझी.

म्हणाले, "मग तुमचंच नाव येतंय."

मी म्हटलं, लिहा.

लिंक येतच राहिल्या. शेवटी काकूंचा नंबर बदलला. आता त्या गोळ्या घेतात, नातीला शाळेत सोडायला जातात. माझ्याशी बोलतात, पण कमी.

बंद केलेला नंबर काही दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो म्हणे. कधीतरी कुठल्यातरी घरात, भरदुपारी, एखादी अनोळखी बाई ती लिंक उघडेल. एक म्हातारा माणूस घसा खाकरून तिला विचारेल, कधी येतेस?

सर, तो तुम्ही नाही, हे मला ठाऊक आहे. तिला कोण सांगणार, ते ठाऊक नाही.

तुम्हाला न विचारता तुमचा आवाज दिला. माफी मागतो.

जयभीम, सर.