पंचनाम्यातलं गाणं

ती केस आजही आठवते ती चोरीच्या मालामुळे. तो माल बाजारात कुणी फुकटही घेतला नसता.

नाशिकरोडच्या एका वसाहतीतल्या बाई ठाण्यात आल्या. यजमान शाहीर, नुकतेच वारलेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाच खाटेखालची कॅसेटींची गोणी गेली. शेजारच्या उघड्या कपाटातलं सोनं जागेवर होतं.

"त्यांची गाणी कुठं छापली नाहीत साहेब. आवाज राहिला होता तो एवढाच."

ठाणे अंमलदार गालात हसला. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. परका चोर सोनं सोडून गोणी उचलत नाही. हा घरोब्यातलाच, हे मला तिथंच कळलं.

आठवड्याच्या आत येवल्याच्या खबऱ्याचा फोन आला. शाहिरांचा जुना ढोलकीवाला गोणी पोटाशी धरून एसटीतून उतरला होता.

नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं. शिपायाच्या हाती मोबाइल दिला. सोबत दोन पंच, माल ओळखायला बाई आणि दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेला टेपरेकॉर्डर. खोलीत म्हातारा एकटाच होता, गोणी उशाशी.

"घरात टेप नाही, मग चोरल्या कशाला?" मी दरडावलं.

तो बाईंकडे बघत म्हणाला, "वैनी, तुमचा पोरगा भंगारात घालणार, असं ऐकलं. शाहिरांचा निदान फोटो हाय, हार हाय. माझं काय हाय? मी हाय तो ह्या कॅसेटीतच."

मुलगा तसं बोलला होता, हे बाईंनी मान खाली घालून कबूल केलं.

मालाची खात्री करायला एक कॅसेट लावली. नुसती खरखर. दुसरी लावली, तिसरी लावली, तेच. बुरशीने सगळं खाल्लं होतं. बाई एकेक कॅसेट पदराने पुसायला लागल्या. सगळी नोकरी माणसांना दरडावण्यात गेली, धीर द्यायचं कुठं शिकलोच नव्हतो.

मग म्हाताऱ्याने खुंटीवरची ढोलकी काढली. बाई शाहिरांच्या मागे झील धरायच्या, त्यांच्या ओळी उचलून गायच्या, हे मला तेव्हा समजलं. आवाज चिरका झाला होता, पण नवऱ्याचं अख्खं गाणं त्या म्हणाल्या. चित्रीकरण करणाऱ्या शिपायाने माझ्याकडे पाहिलं. चालू ठेव, अशी मी खूण केली.

पुढे बाईंच्या संमतीने कोर्टात प्रकरण मिटलं. कागदावर तपास पूर्ण, माल हस्तगत. शाहिरांचा आवाज मात्र गेला तो गेलाच. गोणी सांभाळली म्हणजे गाणं सांभाळलं असं नसतं. ते वेळोवेळी कुणीतरी लावून ऐकावं लागतं, एवढं मी त्या खोलीत शिकलो.

आता ढोलकीवालाही राहिला नाही. बाईंनी कोर्टातून त्या चित्रीकरणाची प्रत मिळवली. शाहिरांच्या स्मृतिदिनाला त्या ती लावतात आणि मला बोलावतात. पत्नी गेल्यापासून मला दुसरं कुणी बोलावत नाही, म्हणून मी आवर्जून जातो. सुरुवातीला माझाच कोरडा आवाज येतो: "आज रोजी दोन पंचांसमक्ष..."

"तेवढं कापून टाका हो," मी एकदा ओशाळून म्हणालो.

"राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गाण्याआधी कुणीतरी चार शब्द बोलायचंच. आता बोलणारं तुमच्याशिवाय कोण उरलंय?"