पाहुण्यांपुरता एसी

आईला दमा होता आणि आम्ही राहत होतो डोंबिवलीत, एमआयडीसीच्या वाऱ्याच्या तोंडावर. तिला दर पंधरा दिवसांनी ठाण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागे. शीळफाट्याला धूळ, मुंब्र्यात ट्रकांचा धूर, कळव्याच्या पुलावर दोन्ही. म्हणून नव्वदीच्या शेवटी शेवटी मी गाडी घेतली ती एसीचीच, आणि वर दोन वर्षांची वाढीव वॉरंटीही. "आईसाठी घेतली," असं सगळ्या सोसायटीला सांगत फिरलो.

आणि आईसाठी तो एसी मी एकदाही लावला नाही. आमच्या घरात चांगली वस्तू जपून वापरायची असते. फ्रिजच्या हँडलला कव्हर, टीव्हीला पडदा, सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच. एसीने इंजिनावर लोड येतो, असं एका शेजाऱ्याने सांगितलं होतं आणि मी ते वेदवाक्य मानलं. पुण्याचे मामा आले, सासुरवाडीची माणसं आली, की एसी सुरू. आई असली की काचा दोन बोटं खाली आणि तिच्या नाकाला ओला रुमाल. तो रुमाल ती घरूनच भिजवून आणायची. तीही त्याच घरातली.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिचा त्रास वाढला. प्रवासात काचा बंदच हव्यात, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मोठ्या दिमाखात एसीचं बटण दाबलं आणि गरम हवा तोंडावर आली.

वॉरंटी अजून शिल्लक होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. डॉक्टरांकडून परतताना आईला घेऊनच ठाण्यातल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. कॉम्प्रेसरच्या सीलमधून गॅस गळून गेला होता. टाय लावलेल्या सुपरवायझरने विचारलं, "एसी किती यूज करता, सर?"

"अहो, अगदी जपून," मी छाती फुगवून म्हणालो. "वर्षातून चार-पाचदा. पाहुणे आले की तेवढाच."

त्याने ते जसंच्या तसं जॉबकार्डवर लिहिलं, माझी सही घेतली आणि मग पुस्तिकेतली ओळ दाखवली. एसी आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं चालवणं आवश्यक. "पडून पडून सील सुकलं, सर. हे वॉरंटीत नाय बसत."

माझं डोकंच फिरलं. वापरून बिघडलं तर समजू शकतो, जपून ठेवलं म्हणून बिघडलं? मी तिथे सगळ्यांदेखत आरडाओरडा केला, कंपनीला चोर म्हणालो. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हळूच म्हणाली, "अरे, आपण पैसे भरून करून टाकू ना." पैसे होते. तिने एवढ्या वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट.

"प्रश्न तत्त्वाचा आहे, आई," मी म्हणालो आणि गाडी तशीच बाहेर काढली.

तो सबंध उन्हाळा मी कंपनीशी पत्रव्यवहार केला. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, कार्बन कॉपी फायलीला लावून. प्रत्येक पत्राची सुरुवात 'माझ्या वृद्ध, दमेकरी आईला' अशी. ती दमेकरी आई मात्र दर पंधरवड्याला काचा बंद केलेल्या गाडीत माझ्या शेजारी उकडत बसायची. कळव्याच्या पुलावर गाड्या अडकल्या की तिची धाप ऐकू यायची. मला तेव्हा त्या सुपरवायझरचा राग यायचा. स्वतःचा यायला हवा होता, तो आला नाही. आज येतो, आणि आज त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

पत्रांचे मसुदे मी तिलाच वाचून दाखवत असे. चौथं पत्र तिने चष्मा काढून, डोळे मिटून ऐकलं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. मग दम घेऊन, "ते नाही म्हणाले, तर मग करशील का रे दुरुस्त?"

"नाही कसे म्हणतील?" मी म्हणालो, आणि पाकीट चिकटवायला घेतलं.