माझ्याहून वीस वर्षांनी मोठा मुलगा

उजव्या हाताचा अंगठा तो कानशिलावरून खालून वर फिरवायचा आणि मग डोळ्यांसमोर धरून न्याहाळायचा. कलपाचं काळं लागलेलं नसलं की मान ताठ. लागलेलं असलं की अंगठा सरळ शेजारच्याच्या सदऱ्याला पुसायचा. अठरा-एकोणीस वर्षं तो शेजारचा माणूस मी होतो. माझा एकही पांढरा सदरा धड राहिला नाही.

अंगठा पुसून झाला की म्हणायचा, "हिरोला वय नसतंय रं. एंट्री असती."

हा माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची पद्धत आहे, ती मला ठाऊक आहे. पण तुम्हीही आपापल्या गल्लीत असा एखादा पाहिला असेल, जो खुर्चीवर बसतो तो उठायचं नावच घेत नाही. मग तुम्हाला माझं म्हणणं कळेल.

सीमाभागातल्या आमच्या वडगावात त्याचे कापडाचे चार माग होते. जन्म मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं आवाज असा, की वडगावात त्यानं 'प्रिये' म्हटलं की खानापूरच्या जंगलात एखादी म्हैस मान वर करायची. जत्रेला आमच्या मंडळाचं नाटक असायचं. नाटक दरवर्षी बदलायचं, हिरॉइन कोल्हापूरहून यायची, तीही बदलायची. हिरो बदलत नव्हता. मंडळाच्या बैठकीत हिरो कोण, असं विचारायची रीतच नव्हती. "बाकीचे कोण?" एवढंच विचारायचे.

मी चोविसाव्या वर्षी मंडळात गेलो. डोक्यात एकच होतं, एकदा तरी हिरो व्हायचं. आरशापुढं घासून घासून संवाद तयार केले होते. त्यानं माझ्याकडं एकवार बघितलं. माझं कपाळ जरा लवकर वर सरकलेलं. तो म्हणाला, "आवाज बरा हाय. बाप कर."

"कुणाचा बाप, अण्णा?"

"माझा."

तो तेव्हा चव्वेचाळीसचा होता. अशा रीतीनं मी चोविसाव्या वर्षी, लग्नाआधी, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या पोराचा बाप झालो. जगात असं बाळंतपण दुसरं झालं नसेल.

बरं, हे नाटकापुरतं ठेवावं की नाही? छे! भर बाजारात मला "काय पिताश्री?" म्हणून हाक. एकदा खानापूरचे पाहुणे मला बघायला आले होते. चहाच्या हॉटेलात मी, मुलीचे वडील आणि तिचा मामा. हा आला, खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाला, "बाबा, निघतो. आईची औषधं आणतो." पाहुण्यांनी बशीतला चहा बशीत ठेवला. आठवड्यानं निरोप आला, की पहिल्या बायकोपासून इतका थोराड मुलगा असलेल्या स्थळाला आमची मुलगी देता येत नाही. मी त्याला जाब विचारला तर म्हणतो, "ॲक्टिंग पटली की न्हाय त्यास्नी? मग झालं तर."

आता त्या 'अण्णा'विषयी. आमच्याकडं अण्णा म्हणजे थोरला भाऊ आणि आप्पा म्हणजे बाप. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत त्याचा जीव अडकलेला असायचा. त्याला अण्णा म्हणायचं. चुकून आप्पा निघालं तोंडातून, तर त्या माणसाला पुढच्या नाटकात हवालदाराचंसुद्धा काम मिळत नसे. एका भावकीतल्या सुनेनं मानानं 'आप्पाजी' म्हटलं, तर त्यानं सहा महिने त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही.

निपाणीत सिनेमावाले आले, तेव्हा मी एक्केचाळीसचा होतो आणि तो एकसष्टचा. तिथल्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, ते स्थानिक नट निवडणार होते. सिनेमाचा हिरो मोठा होता, त्याचं नाव सांगत नाही. वय अठ्ठेचाळीस, आणि सिनेमात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. आमच्या माणसाचा डोळा हिरोच्या मित्रावर. "कॉलेजातला मित्र. माझ्यासाठीच लिवलाय," असं म्हणत त्यानं आम्हां पाच-सहा जणांना बसमधे घातलं. तंग पँट, फुलाफुलांचा शर्ट, काळा चष्मा. कंडक्टर म्हणाला, "अज्जा, मुंद होग्री." आजोबा, पुढं सरका. यानं जन्मभर कन्नडमधे सूत विकत घेतलेलं. पण म्हणाला, "मला कन्नड येत न्हाय." मागच्या दोघांना वाटलं, हा मराठीचा कैवारी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. यानं त्यासुद्धा घेतल्या.

उतरता उतरता त्यानं आम्हाला बजावलं, "आत गेल्यावर मला अण्णाच म्हणायचं. मोठ्यानं. कुणाच्या तोंडातनं आप्पा आलं तर बघा मग."

आता जी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, ती सांगतो. मी एक वर्ष पुण्यात नोकरीला होतो. तिथं मी ज्या घरात राहायचो, त्या घरातले अण्णा ऐंशी वर्षांचे होते. शेजारचे अण्णा काठी घेऊन फिरायचे. समोरच्या अण्णांना दोन माणसांनी धरून उन्हात बसवावं लागे. पुण्याकडं अण्णा म्हणजे काय वयाचं प्रकरण असतं, हे आमच्या त्या साऱ्या टोळीत एकट्या मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

मंटपात यादी घेऊन पुण्याची एक मुलगी बसली होती. डावीकडं तरुणांची रांग, उजवीकडं वडील आणि आजोबांची. हा डावीकडं जाऊन उभा राहिला, विशीतल्या पोरांत. अंगठा फिरवला, बघितला. त्या मुलीची नजर तिकडं वळली, तसा मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "अण्णाऽऽ! ओ अण्णा!"

बाकीच्यांनीही री ओढली. सारा मंटप अण्णा-अण्णांनी दणाणला.

मुलगी लगबगीनं उठली. त्याच्या कोपराला धरून म्हणाली, "अण्णा, अहो तुम्ही इकडे कुठे उभे राहिलात? पाय दुखतील. या, खुर्चीवर बसा."

"अण्णा म्हंजे थोरला भाऊ, बाई."

"हो ना. माझ्या पणजोबांना पण सगळे अण्णाच म्हणायचे."

त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. आणि तिथल्या तिथं एक काम दिलं, हिरोच्या आजोबांचं. म्हणजे हिशोब करा, अठ्ठेचाळीसचा नातू आणि एकसष्टचा आजोबा. तेराव्या वर्षी नातू मांडीवर! मी तर चोविसाव्या वर्षी बाप झालो होतो, याच्यापुढं मी आळशीच म्हणायचा.

तो उठला. चष्मा काढला. त्याचे डोळे मी तितक्या जवळून कधी बघितले नव्हते. आवाज मात्र पहिल्यांदाच बारीक होता. "तुमचा हिरो अठ्ठेचाळीसचा कॉलेजात जातोय, ते चालतंय. मी का चालत न्हाय?"

"त्यांना फॅन्स तसंच बघतात ना, अण्णा."

"आणि आमचे फॅन न्हाईत व्हय?"

मुलीनं पुढचं नाव पुकारलं. आजोबांचं काम त्यानं घेतलं नाही. परतीच्या बसमधे आजोबा म्हणणारा कंडक्टर नव्हता, दुसराच होता. तरी हा सगळ्यांत मागं जाऊन बसला. मी पुढं बसून खिडकीबाहेर हसत होतो, खोटं कशाला बोलू?

वडगावात पोचल्यावर मी ही गोष्ट गल्लोगल्ली वाटली. शेजारच्या मच्छे गावात मी कारखान्यात होतो, तिथं दोन पाळ्यांना पुरली. वाटलं, आता तरी खुर्ची मोकळी होईल. बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा हिरो मी."

पण बैठकीला गंगाक्का आली होती. गंगाक्का त्याच्या मागावर कांड्या भरायची, बोटं सुतानं चिरलेली. जत्रेतल्या नाटकाला पहिल्या रांगेत तिचं पोतं ठरलेलं. ती म्हणाली, "माझं लगीन झालं त्या वर्साला त्यो हिरो हुता. त्यो म्हातारा झाला, तर मग आमी कोण रं?"

कुणी हसलं नाही. त्या वर्षीही हिरो तोच. मी बाप. एंट्रीला अशा शिट्ट्या पडल्या, की पिरनवाडीची कुत्री उठून बसली. फक्त आता अंगठा फिरवला की तो बघत नसे. नुसताच पुसून टाकायचा. आणि मला पिताश्री म्हणणं त्यानं सोडलं. नावानं हाक मारायचा. मला ते शिवीसारखं लागायचं. निपाणीतली ती हाक मी मुद्दाम मारली होती, हे त्याला कळलं होतं की काय, देव जाणे. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी तो गेला. मागाजवळ उभा होता, तिथंच बसला आणि आडवा झाला. त्रेसष्टचा होता. घरच्यांनी चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला, त्यावर फोटो अठ्ठाविसाव्या वर्षीचा, वय लिहिलेलंच नाही. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून हळहळायचे. "अरेरे! काय वय होतं पोराचं!" एका दूधवाल्यानं तर डोळे पुसले. मी तिथंच उभा होतो. मेल्यावरसुद्धा यानं वय चोरलं, म्हटलं.

तीन महिन्यांनी जत्रा आली. हिरो मी. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना, पण मी. केस काळे केले, फुलाफुलांचा शर्ट घातला. पडदा सरकला, मी उडी मारून आत आलो आणि कोल्हापूरच्या हिरॉइनचा हात धरला.

शिट्टी नाही. टाळी नाही. एवढ्या मोठ्या मांडवात जनरेटरचाच काय तो आवाज.

मग पहिल्या रांगेतल्या पोत्यावरून गंगाक्का उठली. टोमणा मारायला उठली, असं मला वाटलं. मीही जिभेवर उत्तर तयार ठेवलं. पण ती हात जोडल्यासारखे करून मायेनं म्हणाली, "तू कशाला आलास रं बाबा? घरात बसायचं हुतंस. तुझं पोरगं जाऊन तीनच म्हैनं झालं."

पदर तोंडाला लावलेल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. विंगेतून वाक्य सांगणारा ओरडत होता, "प्रिये म्हणा, प्रिये!"

मी हिरॉइनचा हात सोडला.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "चुकलं माझं."