गोविंदरावांचे डिझेल इंजिन आणि आमचे रविवार

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कपाटे रिकामी केली. नकाशे शाळेला दिले, जुन्या प्रश्नपत्रिका बंबात घातल्या. किस्से मात्र कुणाला देता येत नाहीत आणि जाळताही येत नाहीत. चहाला कुणी आले की ते आपोआप बाहेर पडतात. माझ्याकडचे निम्मे किस्से एका इंजिनाचे आहेत, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. त्यांनी गोविंदरावांना पाहिलेले नाही!

साठ-एकसष्टच्या सुमारास नुंगंबाक्कममध्ये एकाच आवारात आमची दोन घरे होती. एका घरात आम्ही, यांची मद्रासला बदली झाल्यामुळे पुण्याहून आलेले. दुसऱ्या घरात गोविंदराव आणि रुक्माबाई, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. गोविंदराव एका कचेरीत कारकून होते. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी चुलतभावाबरोबर बिजागऱ्या बनवायची शेड काढली, माल पोहोचवायला एक जुनी पिकअप गाडी घेतली, तिच्यातले पेट्रोलचे इंजिन काढून मोडीतले डिझेल इंजिन बसवले आणि कचेरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली.

रुक्माबाईंची अट एकच होती. माल भरलेली गाडी स्वतःच्या ताकदीने गिऱ्हाइकाच्या दुकानापर्यंत गेली, तर नोकरी सोडायची. नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या ठोक्याला, निमूटपणे कामावर हजर व्हायचे.

मेकॅनिक बोलावणे गोविंदरावांना मान्य नव्हते. "परक्यानं उघडलेलं इंजिन परक्याचंच ऐकतं," असे ते म्हणत. त्यामुळे ते उघडायचे काम आमच्या आवारात, दर रविवारी, शेड बंद असताना चालत असे.

*

इंजिनाचे माहितीपुस्तक इंग्रजीत होते. गोविंदरावांना इंग्रजी उत्तम येत असे. पण त्यांचे हात काळे आणि पुस्तक पांढरे, म्हणून वाचनाचे काम माझ्याकडे आले. मी ओट्यावर खुर्ची टाकून वाचत असे. माझी शिस्त अशी, की पहिला धडा पुरा झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

पहिला धडा गाडीच्या दैनंदिन निगेचा होता. त्यामुळे जे इंजिन आमच्याकडे एकदाही सुरू झालेले नव्हते, त्याच्या तेलाची पातळी आम्ही तीन आठवडे रोज सकाळी तपासली. इंजिन हलले नव्हते. साहजिकच पातळीही हलली नव्हती.

चौथ्या रविवारी गोविंदरावांनी अत्यंत नम्रपणे विचारले, "टीचरम्मा, हे इंजिन मॅट्रिक होऊन कॉलेजात जाणार की काय?"

मी दुसरा धडा उघडला.

*

दुसऱ्या धड्याप्रमाणे इंजिनाचे डोके उघडून आठ व्हॉल्व्ह बाहेर काढले. जो जिथला, तो तिथेच परत बसला पाहिजे, हे मी दोनदा वाचून दाखवले. गोविंदरावांनी त्यावर नामी युक्ती काढली. रुक्माबाई रोज पहाटे दारात ठिपक्यांचे कोलम काढत. त्यातले आठ ठिपके पाहून त्यांनी एकेका ठिपक्यावर एकेक व्हॉल्व्ह मांडला आणि निश्चिंत मनाने झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात सडा पडला आणि नवे कोलम उमटले. आठही व्हॉल्व्ह शिकेकाईने धुऊन, पुसून, पितळी ताटात दोन रांगांत मांडलेले होते.

गोविंदरावांनी एकेक व्हॉल्व्ह उचलून पाहिला; कोणता कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. आता प्रत्येक व्हॉल्व्ह पेस्ट लावून नव्याने घासून बसवावा लागणार होता, आणि त्यात तीन रविवार जाणार होते. रुक्माबाईंना यात आपली चूक काय, हेच कळेना.

"मोठे एका ओळीत, धाकटे एका ओळीत," त्या म्हणाल्या. "जेवायला माणसं अशीच बसवतात न?"

*

डिझेल तलम कापडातून गाळून दोन दिवस न हलवता ठेवावे, म्हणजे गाळ खाली बसतो, असे पुस्तकात लिहिले होते. हे काम यांच्याकडे होते. कोणतेही काम सावकाश करण्यात यांचा हात धरणारा मद्रासमध्ये दुसरा नव्हता.

त्याच सुमारास एका रविवारी मी श्रीखंड केले. यांनी दोन वाट्या एक शब्द न बोलता संपवल्या. माझ्या हातच्या कोणत्याही पदार्थाला यांनी आजवर एखादी सूचना केल्याशिवाय सोडलेले नव्हते. त्यामुळे मला लगेच शंका आली. मी एक घास घेतला, उठले, आणि चक्का बांधायचे फडके हुंगून पाहिले.

मी यांच्यासमोर येऊन उभी राहिले. हे वाटीकडे पाहतच म्हणाले, "पुस्तकात तलम कापड म्हटलं होतं. तूच वाचलंस."

*

डिझेल इंजिनाच्या नळ्यांत हवा राहिली, तर ते सुरू होत नाही. म्हणून एक स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा बाहेर काढायची. मी वाक्य वाचले. गोविंदरावांनी पंप दाबायला सुरुवात केली. आधी थोडे डिझेल आले, मग बुडबुडे आले, मग नुसती हवा येऊ लागली. ती थांबेना. आम्ही धडा पुन्हा वाचला. नळ्यांचे सगळे सांधे आवळले. गोविंदरावांचा अंगठा सुजला, म्हणून यांनी पंप हाती घेतला. दुपार झाली.

कॉफी घेऊन आलेल्या रुक्माबाईंनी थोडा वेळ हे पाहिले आणि विचारले, "टाकीत डिझेल आहे न?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. नंतर गोविंदरावांनी आणि मी यांच्याकडे पाहिले.

"अजून दोन दिवस झाले नाहीत," हे म्हणाले.

*

नवरात्र आले. सरस्वतीपूजेच्या दिवशी तिकडे घरातली पुस्तके आणि हत्यारे देवापुढे मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. रुक्माबाईंनी पाने, हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि माझ्या हातातले माहितीपुस्तकसुद्धा उचलून नेले आणि सगळ्यांना गंध लावले. गोविंदरावांचे चार बोल्ट आवळायचे राहिले होते.

एक पाना कुठून तरी उसना आणावा, म्हणून हे बाहेर पडले. तासाभराने परत आले ते रिकाम्या हातांनी, कपाळावर विभूती आणि खिशात प्रसादाच्या चण्याच्या उसळीची पुडी घेऊन. सात घरी गेले होते; साती घरचे पाने देवापुढे होते.

विजयादशमीला पूजा उतरली आणि बोल्ट आवळले गेले. गोविंदराव दिवसभर इंजिन सुरू करू पाहत होते. इंजिन खोकले, शिंकले, दोनदा गुरगुरलेही. पण संध्याकाळी बॅटरी उतरली आणि ते गप्प झाले. रुक्माबाईंनी कचेरीचा कोट झटकून खुंटीवर अडकवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही गाडी ढकलली. बिजागऱ्यांच्या पेट्या मागे भरलेल्या होत्या, त्यांवर रुक्माबाई बसल्या होत्या आणि स्टिअरिंगवर गोविंदराव होते. मागून हे, दूधवाला, शेजारचे दोघे आणि मी. शाळेला सुटी होती आणि रस्त्यावर माझी एकही विद्यार्थिनी नव्हती, याची मी आधी खात्री करून घेतली होती. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर गाडीने काळा धूर सोडला आणि ती धडधडू लागली. गोविंदराव थांबलेच नाहीत. हे पळत जाऊन आत बसले, आणि रुक्माबाईंनी हात देऊन मला मागे पेट्यांवर ओढून घेतले.

दुकानात पेट्या उतरल्या, तेव्हा इंजिन चालूच होते. अट पुरी झाली होती. आता उरला होता राजीनामा. आम्ही दहाला पाच कमी असताना कचेरीच्या फाटकात पोहोचलो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन आचके देई, आणि एकदा बंद पडले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून गोविंदराव जागचे हलेनात. हे राजीनामा घेऊन वर गेले आणि परत आले. साहेबांनी सांगितले होते की अर्जदाराने स्वतः समोर उभे राहिले पाहिजे. हे पुन्हा वर गेले.

शेवटी साहेब स्वतः खाली आले. कचेरीच्या सगळ्या खिडक्यांत माणसे जमली होती. धुरातून वाट काढत, कानांवर हात ठेवून साहेब तमिळमध्ये ओरडले, की आधी ते यंत्र बंद करा, मग बोलू.

गोविंदराव आदराने अर्धे उठले, हात जोडले. पाय मात्र ॲक्सिलरेटरवरच होता.

"सर, ही बंद पडली, तर मला उद्यापासून इथंच कामाला यावं लागेल."

साहेबांनी घाईघाईने खिशातले पेन काढले आणि राजीनामा सही करायला बॉनेटवर ठेवला.

"राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले. "चालूच राहू द्या."