बिनहाताचा देव

मुरुमजवळच्या गावातले लिंबाजी मास्तर पोरांना चित्रकला शिकवत. दिसायला गोगलगाय, पण पोटात राग पाळलेला. दुभत्या म्हशीसारखी त्याला रोज वैरण.

तेव्हा निजामाचं राज्य. तरणे असताना मास्तर हैदराबादेत युनानी, म्हणजे ग्रीक मूर्तींची चित्रं बघून आले अन् काळ्या दगडात उघडाबागडा पैलवान घडवला. हिंमतराव पाटलाचं टाळकं फिरलं. "नागडं बाहुलं! आयाबायांनी बघायचं व्हय हे?" म्हणत त्यानं चावडीपुढंच घणानं मूर्तीचे हात उडवले अन् धड विहिरीत ढकललं. मास्तरांनी पुन्हा छिन्नी धरली नाही.

पुढं दुष्काळात विहीर उपसली, तर गाळातून धड वर आलं. बायकांनी शेंदूर फासला, धोतर नेसवलं, विहीरदेव केला. पाटीलही दर अमावस्येला नारळ फोडायला लागला. मोडणाऱ्याला कुठलं आठवतंय? मास्तरांनी मात्र बघताक्षणी ओळखलं. राग पिकू दिला.

अन् एका अमावस्येला पाटलाचाच पोरगा दारात आला. महारुद्र हैदराबादेत शिकायचा. मराठी ज्ञानकोशासाठी ग्रीक मूर्तिकलेवर लेख लिहायचा होता. कच्चा मजकूर सुधारून हवा होता.

"'ग्रीकांना बिनहाताच्या मूर्ती आवडत,'" मास्तरांनी वाचलं अन् चष्मा काढला. "हे कुणी सांगितलं रं?"

"चित्रांत तशाच दिसतात की, मास्तर."

"घडवणारा हात घडवतोच. मोडणारे मागनं येतात. चल, दाखवतो."

विहिरीवर हिंमतराव नारळ घेऊन उभा, भोवती बायका. मास्तरांनी चाकूनं देवाच्या खांद्यावरचा शेंदूर खरवडला. घणाचा घाव उघडा पडला.

"पाटील, वळखलं का तुमचं काम? धोतर फेडू? आयाबाया जमल्यातच."

पाटलाचं तोंड उतरलं. "मास्तर, पोरादेखत नगा."

"माझ्या बापादेखत मोडलं होतं तुम्ही." मास्तर पोराकडं वळले. "लिही. ग्रीक मूर्तींना हात असत, रंगही असत. हात पुढं मोडले. दाखला इथलाच दे: घडवणारा लिंबाजी, मोडणारा हिंमतराव, पूजणाराही हिंमतराव. नाव गाळू नको, लेख कच्चा राहील."

पोरानं मान खाली घालून लिहिलं.

पाटील विहिरीकडं पुन्हा फिरकलाच नसता. पण त्याची म्हातारी आई, दगडाबाई, सोडते होय? "एकदा देव म्हणलास नव्हं? मग वाक!"

दर अमावस्येला तो वाकायचा. समोरच्या कट्ट्यावर मास्तर पान जुळवत बसायचे, अन् पाटलाचं कपाळ दगडाला टेकल्याबिगर पान तोंडात घालायचे नाहीत.