नाना हरवले, ओव्हर

नामांतराच्या आंदोलनात शहरात कर्फ्यू लागला, तेव्हा मी सोळा माणसं सुखरूप असल्याचं शोधून काढलं आणि एक माणूस हरवला. हरवलेला माणूस माझा बाप होता.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो आणि मला हौशी रेडिओचं वेड होतं. सरकारी परीक्षा देऊन लायसन मिळवायचं, सेट स्वतः जोडायचा, गच्चीवर तार ताणायची आणि परगावच्या तसल्याच खुळ्यांशी बोलत बसायचं, आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, असा हा छंद. आमचे वडील, नाना, जन्मभर फुलंब्रीकडं मेंढरं राखलेले. ते याला "भिताडाशी बोलणं" म्हणत. "मेंढरू तरी हाक मारली की वळून बघतंय!"

कर्फ्यू लागला, एसट्या थांबल्या, टेलिफोन मुके झाले. खेड्यांतून वाईट बातम्या येत होत्या. पहिल्याच दिवशी शेजारचा गायकवाड आला. माझ्याच कारखान्यात लेथवर होता. त्याचा चेहरा उतरलेला.

"भाऊ, वस्त्या जाळल्या म्हणतेत. माय एकटीच हाय गावाकडं. तुमच्या यंत्रातून काही कळंल का?"

फुलंब्रीला कदम सर नावाचे विज्ञानाचे मास्तर होते, माझ्यासारखेच खुळे. मी त्यांना नाव-गाव सांगितलं, ते सायकलवर टांग टाकून निघाले. दोन तासांनी सेट खरखरला. "गायकवाडांच्या आई सुखरूप. शाळेत आणून ठेवल्यात. लेक जेवला का म्हणून विचारतात. ओव्हर." गायकवाड उंबऱ्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो असतो, पण सेटवर पाणी सांडून चालत नाही!

तिथवर सगळं चांगलं होतं. मग मला शिंगं फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीबोळातून, मागच्या दारानं आलेल्या माणसांची जिन्यात रांग लागली. कुणाची बहीण दौलताबादला, कुणाचा भाऊ फर्दापूरला. मी डोक्यावर हेडफोन चढवला, पुढ्यात वही घेतली आणि कलेक्टरच्या वरताण आवाजात ओरडू लागलो, "गर्दी नको! नंबरानं या!" गच्चीवर जाऊन कुणी तारेला हात लावू नये म्हणून नऊ वाजता गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं आणि चावी खिशात टाकली. (किती दूरदृष्टी!)

अकराच्या सुमारास आवाज खोल जायला लागला. कदम सर म्हणाले, "तुमचा सिग्नल पडला. ओव्हर." मी म्हणालो, "हवामान खराब आहे. ओव्हर." बाहेर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मध्येच कुणीतरी दार बडवायचं. मी हेडफोनही न काढता ओरडायचो, "कळत नाही का? नंबरानं या!" की बडवणं थांबायचं. माझा वचकच तसा होता.

साडेबाराला माझी बायको कुसुम आली. "अहो, नाना कुठंयत? भाकरी थंड झाली."

"असतील इथंच."

"इथं नाहीत. सकाळी तंबाखू संपली म्हणत होते. दहाला कर्फ्यू उठला होता ना घटकाभर? गेले वाटतं बाहेर!"

बाहेर परत कर्फ्यू लागलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि नाना एका कानानं बहिरे. पोलिसानं "थांबा" म्हटलं तर ऐकू यायचं नाही! मी बटण दाबलं. "सर्व स्टेशनांनी ऐका. माझे वडील हरवलेत. वय अडुसष्ट. डोक्याला पांढरा पटका. उजव्या कानानं कमी ऐकू येतं. ओव्हर."

कदम सर, जालन्याचा एकजण, नाशिकचा एकजण, सगळे हातातली कामं टाकून माझ्या बापामागं लागले. कदम सर तर थेट आमच्या गावी जाऊन आले. रांगेतली माणसं मलाच धीर देऊ लागली. कुसुम देवापुढं बसली.

इतक्यात बुटांचा आवाज आला. दारात हवालदार!

"घर किसका हय? तुमच्या गच्चीवरून इशारे कोण करून राह्यलं?"

"हवालदारसाहेब, इशाऱ्यांचं नंतर बघा. माझे वडील हरवलेत! तक्रार लिहून घ्या!"

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय?"

"अडुसष्ट."

"पटका पांढरा?"

"व्हय! व्हय!"

"डोक्यावर का हातात?"

"म्हणजे?"

"चलो ऊपर," ते म्हणाले.

मी खिशातून चावी काढली तेव्हा कुसुमनं माझ्याकडं जे पाहिलं, ते आज लिहितानाही अंगावर येतं.

दार उघडलं. पंचा नेसलेले नाना टाकीच्या सावलीत बसले होते, पटका हातात. सकाळी उन्हाला वर आले, टाकीआड डुलकी लागली. उठून टाकीच्या नळाखाली आंघोळ केली आणि ओलं धोतर माझ्या तारेवर वाळत घातलं. माझं खराब हवामान ते!

मी पायाच धरले. "नाना, दार वाजवायचं नाही का?"

"वाजवलं की! चारदा वाजवलं. तूच आतून वरडला, नंबरानं या. म्हनलं, लोकांची अडचण मोठी हाय, आपला नंबर यील तवा यील." मग हळूच म्हणाले, "मागनं लईच भूक लागली, तवा पटका हलवला."

हवालदारांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

खाली येऊन मी निरोप दिला, "वडील सापडले. सुखरूप आहेत. आभार. ओव्हर."

"वा! वा!" कदम सरांचा आवाज आता घंटेसारखा खणखणीत येत होता. (धोतर काढलं होतं ना!) "वहीत नोंद करतो. कुठं सापडले? ओव्हर."

जालना ऐकत होतं. नाशिक ऐकत होतं. मागं उभी सगळी रांग ऐकत होती.

"माझ्या डोक्यावर, नऊ फुटांवर. ओव्हर."

मग सर म्हणाले, "गच्चीत? मग उतरले का नाहीत? कुलूप कुणी लावलं होतं? ओव्हर."

मी तोंडानं "खर्रर्र... खर्रर्र..." असा आवाज काढला आणि सेट बंद केला.