दगडाखालचं पान

मंजुळाताई गेल्याची बातमी मला बागेच्या माळ्याने दिली. रघुनाथ त्याचं नाव. सकाळी नऊच्या सुमारास मी ओट्यापाशी पोहे परतत होते, आणि माझा राग अजून उतरलेला नव्हता. "बाई, तुमच्या मैत्रीण… वरच्या बाकावर… बसल्या जागीच," तो दारातूनच म्हणाला. मी गॅस बंद केला. पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, भीती होती. कुणी पाहिलं तर नसेल ना मला, अशी भीती. त्याला आता सात आठवडे झाले.

पारसिकच्या डोंगराच्या उतारावर आमच्याकडे एक बाग आहे. बाग म्हणायची ती पायथ्याशी, चार फुलझाडं आणि एक घसरगुंडी; बाकी सगळा जिनाच. दोनशेच्या वर पायऱ्या, मध्ये एकच मोठा टप्पा, आणि चढ असा की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर येतात. माझं बालपण ठाकुर्लीच्या चाळीत सपाट जमिनीवर गेलं, नोकरी फळ्यासमोर उभं राहून झाली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चढायला सांगितलं, तर पहिल्याच दिवशी मी टप्प्यावर बसकण मारली. वरून एक बाई उतरत होती. ठसठशीत कुंकू, काष्ट्याचं लुगडं आणि पायांत नातवाचे बूट. "हलू ये गो बाय, डोंगर काय पलत नाय," म्हणाली, आणि माझ्यासाठी पुन्हा वर चढली. त्या मंजुळाताई. तेव्हापासून बारा वर्षं आम्ही तो जिना एकत्र चढलो.

त्या खारेगावच्या जुन्या आगरी घरातल्या. सासऱ्यांची मिठागरं होती, तिथे आता इमारती आहेत, आणि मुलगा कोपऱ्यावरसुद्धा गाडीने जातो. लहानपणी त्या आईबरोबर याच डोंगरावर लाकडं आणायला यायच्या. तेव्हाची एक रीत त्यांनी जिन्यावरही सोडली नाही. पुढे गेलेल्या बाईने वाटेत दगडाखाली एक हिरवं पान ठेवायचं; मागून येणारीला कळावं, आपलं माणूस वर आहे. उतरताना ते उचलायचं. आणि पान दिसलं की मागे फिरायचं नाही, वर जायचंच, कारण वरची त्या भरवशावर थांबलेली असते. मी हसायचे. "अहो, फोन आहे की आता," म्हणायचे. "फोन घरान बरा," हे ठरलेलं उत्तर. माझे मिस्टर गेले तेव्हा महिनाभर मी घराबाहेर पडले नव्हते. मग एके सकाळी कशीबशी टप्प्यापर्यंत पोचले, तर दगडाखाली पान. रघुनाथ म्हणाला, "रोज असतं बाई. आठ वाजेपर्यंत थांबतात आणि मग जातात." त्या दिवशी मी वर जाऊन पोटभर रडले. त्यांनी काही समजावलं नाही, फक्त पदराने माझा चष्मा पुसून दिला.

आमचं बिनसलं ते त्यांच्या नातवाच्या हळदीत. मी नवी साडी नेसून, आहेर घेऊन गेले होते. मांडवात त्यांच्या कुणा नणंदेने माझ्याकडे बघत विचारलं, "या कोन गो?" मंजुळाताई म्हणाल्या, "बागंन येतात त्या," आणि भाकऱ्यांकडे बघायला आत वळल्या. बारा वर्षं… आणि मी बागेत येणारी. पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. त्या प्रश्नाआधीचा क्षण मी जन्मभर ओळखत आले आहे. त्यांनी त्या प्रश्नापासून मला वाचवलं की स्वतःला, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. मी न जेवता निघाले. नंतरचे सहा दिवस बागेकडे फिरकले नाही.

सातव्या दिवशी गेले. खरं सांगायचं तर मला बोलवायला कुणी आलं नाही, याचाच राग जास्त होता. सव्वासातला टप्प्यावर पोचले. दगडाखाली पान होतं, पिंपळाचं, ताजं. म्हणजे बाई वर होत्या आणि माझी वाट बघत होत्या. मला बरं वाटलं. आणि ते बरं वाटल्यामुळेच, का कोण जाणे, मला वाटलं, थांबू दे जरा. कळू दे वाट बघणं काय असतं. ज्या बाईने महिनाभर माझी वाट पाहिली होती तिच्याबद्दल मी असा विचार केला. गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला आणि मागे फिरले. साडेआठला रघुनाथ झाडू घेऊन वर गेला तेव्हा त्या बाकावर एका अंगाला कलल्या होत्या.

त्यांची लेक शोभा डोंबिवलीला मानपाड्याला असते. दिवसकार्य झाल्यावर मी तिला भेटायला गेले ते हे सगळं सांगायचं ठरवूनच. तिने चहा केला. म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणाले, तिला कळलंसुद्धा नसेल. एवढंच समाधान." माझ्या तोंडाशी आलेलं सगळं त्या एका वाक्याने मागे गेलं. तिचं समाधान मोडायचा मला काय अधिकार, असं मी रिक्षात स्वतःला समजावलं. पण मी तिची नाही, माझीच कातडी वाचवत होते. तेव्हापासून चढण्याचं सोडा, घरात माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले तरी मागून कुणीतरी "हलू" म्हणतंय असं वाटतं, आणि मी वळून बघते.

गेल्या आठवड्यात एकदाची गेले. वरचा बाक धुऊन काढलेला होता. बारा वर्षं मी त्याच्या डोंगराकडच्या टोकाला बसले, मंजुळाताई दरीकडच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या जागी बसले. तिथून खालचा टप्पा स्वच्छ दिसतो. आख्खा. मी वर पोचायच्या आधीच त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून कशा तयार असायच्या, ते तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने पिवळ्या ओढणीतली एक बाई टप्प्यावर आली, कठड्याला धरून उभी राहिली, वर बघून परत फिरली. मी हाक मारली. वर्गात माझ्या आवाजाला शेवटच्या बाकावरची पोरं सरळ बसायची. पुन्हा मारली. तिला ऐकू गेली नाही. ती उतरत राहिली.

तिथूनच मी शोभाला फोन लावला. "शोभा, त्या दिवशी मी आले होते. टप्प्यावरून परत गेले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"किती वाजता, मावशी?" तिने विचारलं.

मी खरी वेळ सांगितली.